पेससोबतची मार्टिना नक्की कोणती, नवरातिलोव्हा की हिंगीस?

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर कुणीतरी आपला टेनिसपटू लिअँडर पेस आणि मार्टिना ट्रॉफी धरून उभे आहेत असा जुना फोटो टाकला आणि लगेच दोन मामांचं जुंपलं. मोठे मामा म्हणे ही सानिया मिर्झाची पार्टनर हिंगीस, धाकटा मामा म्हणे अरे दादा ती वेगळी, ही नऊ वेळा विम्बल्डन जिंकलेली नवरातिलोव्हा. फोटो २००३ चा होता, म्हणजे धाकटा मामा बरोबर. पण मोठ्या मामांसारखं खूप जणांचं होतं आणि ते साहजिकच आहे, कारण दोघींचं नाव मार्टिना, दोघी जन्मल्या चेकोस्लोव्हाकियात, दोघी सिंगल्स आणि डबल्स दोन्हीकडे नंबर वन, दोघी रिटायर होऊन परत आलेल्या, आणि सगळ्यात मोठा घोळ म्हणजे दोघींनी पेससोबतच ऑस्ट्रेलियन ओपन आणि विम्बल्डनचं मिक्स्ड डबल्स (एक पुरुष, एक बाई अशी जोडी) जिंकलंय, एकीने २००३ मध्ये आणि दुसरीने २०१५ मध्ये.

फोटोवरून ओळखायचं असेल तर एक सोपी खूण सांगते. मार्टिना पेसपेक्षा मोठी दिसत असेल तर नवरातिलोव्हा, लहान दिसत असेल तर हिंगीस. २००३ मध्ये नवरातिलोव्हा ४६ वर्षांची होती आणि पेस नुकता तिशीला टेकत होता, २०१५ मध्ये पेस ४१-४२ चा आणि हिंगीस ३४ ची. आणि रॅकेट डाव्या हातात असेल तर प्रश्नच मिटला, नवरातिलोव्हा डावखुरी.

आता दोघींचं नाव एकच कसं, तर तो योगायोग नाहीये. हिंगीसचं नाव नवरातिलोव्हावरूनच ठेवलंय. तिची आई मेलानी मोलितोरोव्हा स्वतः टेनिस खेळायची, पुढे तीच मुलीची कोच झाली, आणि ३० सप्टेंबर १९८० ला कोशित्सेमध्ये (आता ते स्लोव्हाकियात येतं) मुलगी झाली तेव्हा आईने नाव ठेवलं मार्टिना. वाचायला साधी गोष्ट वाटते, पण तो काळ डोळ्यासमोर आणा. नवरातिलोव्हा १९७५ मध्ये यूएस ओपनची सेमीफायनल ख्रिस एव्हर्टकडून हरली आणि त्याच वेळी न्यूयॉर्कमध्ये तिने अमेरिकेकडे आश्रय मागितला, वय अठरा, आईवडील आणि धाकटी बहीण मागे प्रागजवळच्या गावात. त्यानंतर तिच्या देशातल्या सरकारी पेपरांनी तिचं नाव छापणंच सोडून दिलं, ती १९७८ आणि १९७९ मध्ये विम्बल्डन जिंकली तरी घरच्या पेपरात तिचा पत्ता नाही. आणि जे नाव पेपरात येत नव्हतं ते एका टेनिस खेळणाऱ्या बाईने आपल्या लेकीला दिलं. मला तर दोघींच्या सगळ्या ट्रॉफ्यांपेक्षा ही गोष्ट जास्त भिडते.

नवरातिलोव्हा परत मायदेशी खेळली ती १९८६ मध्ये, प्रागला फेड कप (देशादेशांच्या महिला टीमची स्पर्धा) होता आणि ती अमेरिकेच्या टीममधून आली होती. समोर चेकोस्लोव्हाकियाची टीम, तरी तिथल्या लोकांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या, आणि अमेरिका जिंकली. हिंगीस तेव्हा पाच वर्षांची, पुढे एक-दोन वर्षांत आईबरोबर स्वित्झर्लंडला गेली. म्हणून रेकॉर्डमध्ये नवरातिलोव्हापुढे अमेरिका आणि हिंगीसपुढे स्वित्झर्लंड दिसतं. आडनावांचंही तसंच, चेक-स्लोव्हाक पद्धतीत बायकांच्या आडनावाला शेवटी ओव्हा लागतं, नवरातिलची नवरातिलोव्हा (ते तिच्या सावत्र वडिलांचं आडनाव), आणि हिंगीसही जन्मताना हिंगिसोव्हाच होती, पुढे ते ओव्हा गळून पडलं. ते राहिलं असतं तर घोळ अजून वाढला असता.

खेळाचं म्हणाल तर दोघींची एकही मॅच नीट बघितली असेल तर पुन्हा कधीच गल्लत होणार नाही. नवरातिलोव्हा म्हणजे सर्व्ह अँड व्हॉली. डाव्या हाताची सर्व्हिस समोरच्या बाईला कोर्टाच्या पार बाहेर ओढून न्यायची आणि ती तो बॉल कसाबसा परत टाकेपर्यंत ही नेटपाशी येऊन उभी, व्हॉली मारून, म्हणजे बॉल टप्पा पडायच्या आधीच मारून, पॉइंट संपवायचा. त्यासाठी तिने शरीर घडवलं, १९८१ च्या सुमारास बास्केटबॉल खेळाडू नॅन्सी लीबरमनने तिच्याकडून कसून मेहनत करून घेतली, वेट्स, धावणं, खाण्यापिण्यावर लक्ष, तेव्हा महिला टेनिसमध्ये असं फारसं कोणी करत नव्हतं. त्याचा परिणाम बघा, १९८३ मध्ये तिने ८६ मॅच जिंकल्या आणि हरली फक्त एक. पुढच्या वर्षी सिंगल्समध्ये सलग ७४ विजय. डबल्समध्ये पॅम श्रायव्हरबरोबर सलग १०९.

हिंगीसकडे ना तेवढी उंची ना तेवढी ताकद, तिची सर्व्हिस तर सगळ्यात कच्ची बाजू. पण तिला बॉल कुठे येणार ते आधीच कळायचं असं वाटायचं, दोन हातांचा बॅकहँड कधी लाइनला कधी क्रॉस, समोरचीला एक पाऊल उशीर झाला की रिकाम्या जागेत बॉल टाकून मोकळी. आणि हे सगळं केवढ्या लहान वयात! पंधराव्या वर्षी १९९६ चं विम्बल्डन डबल्स हेलेना सुकोव्हासोबत, सोळाव्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपन, आणि ३१ मार्च १९९७ ला जगातली सगळ्यात लहान नंबर वन, तो रेकॉर्ड अजून तिचाच आहे. त्या वर्षी तिने चारपैकी तीन ग्रँड स्लॅम (ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि यूएस या चार मोठ्या स्पर्धा) जिंकले, राहिलं फक्त फ्रेंच, तिथे फायनलला इव्हा मायोलीकडून हरली. आणि गंमत बघा, १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये हिंगीस प्रोफेशनल झाली आणि लगेच नोव्हेंबरमध्ये नवरातिलोव्हाने सिंगल्स सोडलं, म्हणजे एक मार्टिना गेली आणि दुसरी आली असं अक्षरशः झालं.

पण इथून पुढे दोघींच्या करिअरचा आकारच वेगळा आहे, आणि आकडे शेजारी ठेवून लोक जी तुलना करतात ती मला पटत नाही. आकडे सांगते, नवरातिलोव्हाचे ग्रँड स्लॅम ५९, त्यात सिंगल्स १८, डबल्स ३१, मिक्स्ड १०. हिंगीसचे २५, त्यात सिंगल्स ५, डबल्स १३, मिक्स्ड ७. नंबर वनवर सिंगल्समध्ये नवरातिलोव्हा ३३२ आठवडे, हिंगीस २०९. यावरून हिंगीस निम्मी असं वाटतं, पण नवरातिलोव्हाला वीस वर्षं सलग सिंगल्स खेळायला मिळालं, हिंगीसला तीन तुकड्यांत खेळावं लागलं. घोट्याच्या दुखण्याने २००३ मध्ये बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा थांबली, २००६ मध्ये परत आली, २००७ च्या विम्बल्डनला घेतलेल्या टेस्टमध्ये कोकेनचा अंश आढळला, तिने आरोप नाकारला पण लढत न बसता रिटायरमेंट जाहीर केली आणि मग दोन वर्षांची बंदी आली. २०१३ मध्ये ती परत आली ती फक्त डबल्ससाठी, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये थांबली तेव्हा डबल्समध्ये नंबर वन होती. माझ्या मते ही तिसरी इनिंग तिची सगळ्यात सुंदर.

हरण्यातसुद्धा दोघी वेगळ्या. १९९४ ची विम्बल्डन फायनल नवरातिलोव्हा कोंचिता मार्टिनेझकडून हरली, दहावं विम्बल्डन हुकलं, आणि सेंटर कोर्टवरून जाताना तिने खाली वाकून चिमूटभर गवत उपटलं आणि सोबत नेलं. हिंगीसची १९९९ ची फ्रेंच फायनल आठवा, स्टेफी ग्राफविरुद्ध एक सेट आणि २-० पुढे असताना बॉलचा ठसा दाखवायला ही नेट ओलांडून पलीकडे गेली, पॉइंट कापला गेला, पब्लिक उलटलं, सेकंड सेटमध्ये मॅचसाठी सर्व्ह करत होती तोही गेला, शेवटी मॅच पॉइंटला अंडरआर्म सर्व्हिस (हात खालून फिरवून), शिट्ट्या, आणि हरल्यावर कोर्ट सोडून निघून गेली, आईने तिला धरून परत आणलं, आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती ती. अठरा वर्षांची पोर. लोक तिला उद्धट म्हणायचे, मला तो प्रसंग बघून आजही तिची दयाच येते.

आणि भारताशी नातं दोघींचं असलं तरी हिंगीसचं खूपच दाट आहे. नवरातिलोव्हाचे भारतीय पार्टनरसोबत दोन ग्रँड स्लॅम, दोन्ही पेसबरोबरचे २००३ चे. हिंगीसचे २५ पैकी आठ! २००६ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन महेश भूपतीबरोबर (हा बरेच जण विसरतात आणि पेसच्या नावावर लावून मोकळे होतात), पेससोबत चार, सानियासोबत तीन. सानिया २०१५ च्या एप्रिलमध्ये डबल्सची नंबर वन झाली ती हिंगीसबरोबर चार्ल्सटन जिंकून. त्याच वर्षीची विम्बल्डन फायनल मी रात्री जागून बघितलीय, तिसऱ्या सेटमध्ये २-५ मागे, मग ५-५ वर खेळ थांबवून वरचं छप्पर बंद केलं, लाइट लावले, आणि परत आल्यावर दोघींनी ७-५ ने मॅच काढली. महिला डबल्सचा ग्रँड स्लॅम जिंकणारी सानिया पहिली भारतीय, आणि दुसऱ्याच दिवशी हिंगीस पेसबरोबर मिक्स्ड जिंकून मोकळी.

शेवटी एक गोष्ट, जी मोठ्या मामांना ग्रुपवर लिहून पाठवली. २००३ च्या आधी नवरातिलोव्हाकडे सिंगल्स, डबल्स, मिक्स्ड मिळून सगळ्या ग्रँड स्लॅमच्या ट्रॉफ्या होत्या, फक्त एक सोडून, ऑस्ट्रेलियन ओपनचं मिक्स्ड, आणि ते तिला पेसबरोबर मिळालं. हिंगीसकडे मिक्स्डमध्ये चारपैकी तीन होते आणि फ्रेंच राहिलं होतं, ते २०१६ मध्ये मिळालं, तेही पेसबरोबरच. त्या फायनलला नेटच्या पलीकडे इव्हान डॉडिगच्या शेजारी उभी होती सानिया, आणि निकाल लावणारा शेवटचा टायब्रेक १०-८ ला संपला.