बास्केटकडे बघू नका

10 सप्टेंबर 2018 ला आपल्या तेजसने पहिल्यांदा हवेत इंधन घेतलं. उंची 20,000 फूट, वेग 270 नॉट म्हणजे ताशी 500 किलोमीटर, समोर हवाई दलाचा आयएल-78 टँकर, आणि त्यातून तेजसमध्ये गेलं 1,900 किलो इंधन. बातमी वाचताना आपलं लक्ष त्या 500 वर जातं, पण पायलटला तो आकडा फारसा उपयोगाचा नसतो, कारण टँकरपण 500 नेच चाललाय ना. खरा आकडा म्हणजे दोघांच्या वेगातला फरक, आणि तो 3 नॉटच्या आसपास ठेवायचा असतो. ताशी साडेपाच किलोमीटर. ऐरोली स्टेशनच्या ब्रिजवर उशीर झालेला नसताना माणूस चालतो तेवढा.

मग चालायच्या स्पीडने एक नळी टँकरमागच्या टोपलीत घालायला लोकांना आठवडेच्या आठवडे का लागतात? डीसीएस नावाचा लढाऊ विमानांचा कॉम्प्युटर सिम्युलेटर (थोडक्यात सिम) मी घणसोलीत डायनिंग टेबलाला जॉयस्टिक क्लॅम्प करून खेळतो (घरच्यांना जेवायला दुसरी जागा शोधावी लागते, तो विषय वेगळा) आणि आमच्या ठाणे-नवी मुंबईच्या ग्रुपमध्ये नवीन आलेली पोरं मिसाईल मारायला पटकन शिकतात, रात्रीचं लँडिंगपण जमवतात, पण इथे येऊन अडकतात. आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, "दादा, माझा हातच स्थिर नाहीये." हात ठीक असतो, घोळ वेळेचा असतो.

आधी थोडं सामान बघून घेऊ. हवेत इंधन भरायच्या दोन पद्धती चालतात. अमेरिकन हवाई दलाची एफ-16 वगैरे विमानं टँकरखाली येऊन फक्त जागेवर थांबतात, आणि टँकरमधला ऑपरेटर बूम नावाचा लांब दांडा त्यांच्या पाठीवरच्या भोकात बसवतो. दुसरीत टँकर मागे एक होज, म्हणजे लवचिक पाईप, सोडतो, होजच्या टोकाला छत्रीसारखी बास्केट असते, आणि आपल्या विमानाच्या नाकाजवळचा प्रोब, म्हणजे ती मघाची नळी, पायलटने स्वतः त्यात घालायचा. आपलं हवाई दल हीच दुसरी पद्धत वापरतं, आणि सिममधलं हॉर्नेट हे लढाऊ विमानपण. 27 जून 1923 ला सॅन डिएगोजवळ हे पहिल्यांदा झालं तेव्हा वरच्या विमानातून नुसता पाईप लोंबकळत सोडला होता आणि खालच्या विमानात मागे बसलेल्या माणसाने तो हाताने पकडला, म्हणजे प्रोब वगैरे काही नाहीच.

आता तो वेळेचा घोळ. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा, पुढे केला की विमान लगेच पुढे सरकत नाही. आधी इंजिनाचे फेरे वाढतात, मग जोर वाढतो, त्या जोराने वेग वाढायला लागतो, आणि वाढलेल्या वेगाने थोडा वेळ गेल्यावर कुठे अंतर कमी होताना दिसतं. डोळ्याला दिसतं ते फक्त शेवटचं, अंतर. म्हणजे बास्केट जवळ येतेय असं दिसेपर्यंत वेग भरपूर वाढून बसलेला असतो, मग घाबरून थ्रॉटल मागे, त्याचाही परिणाम उशिरा, तोपर्यंत विमान मागे पडलेलं, की पुन्हा पुढे, आणि असं करत करत झोके वाढतच जातात. प्रत्येक वेळी आपण दोन सेकंद जुनी चूक दुरुस्त करत असतो. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाणाऱ्या लाँचचा तांडेल बघा, धक्का अजून लांब असतानाच तो इंजिन कमी करतो, कारण धक्का जवळ आल्यावर कमी करून काही उपयोग नसतो हे त्याला माहीत असतं.

या झोक्यांना पायलट-इंड्यूस्ड ऑसिलेशन म्हणतात, आणि ते फक्त आपल्यासारख्या खुर्चीतल्या पायलटांना होत नाही. 20 जानेवारी 1974 ला अमेरिकेतल्या एडवर्ड्स हवाई तळावर वायएफ-16 ची, म्हणजे एफ-16 च्या पहिल्या नमुन्याची, नुसती धावपट्टीवर पळवून चाचणी चालली होती, उडायचं ठरलंच नव्हतं, पण विमान डावी-उजवीकडे इतकं झुलायला लागलं की टेस्ट पायलट फिल ओस्ट्रायकरने ते सरळ हवेत नेलं आणि मग शांतपणे उतरवलं. स्टिकच्या छोट्या हालचालीला विमान जास्तच जोरात उत्तर देत होतं. सिममध्ये जॉयस्टिकला कर्व्ह लावून मधल्या भागाची संवेदनशीलता कमी करतात ते यासाठीच.

थ्रॉटलवर उपाय म्हणजे तीन टप्प्यांची सवय. थोडी पॉवर द्या, विमान हललं असं वाटायच्या आतच दिली त्यापेक्षा जास्त काढा, मग मधे कुठेतरी आणून ठेवा. ऐकायला विचित्र वाटतं, पण अंदाजाने पुढचं ओळखून आधीच वागायचं हाच सगळा खेळ आहे, आणि असला अंदाज शिकण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. हाताची अशी कौशल्यं सरावानंतर झोपेतही पक्की होतात, त्यामुळे रात्री दोनपर्यंत तेच तेच घासत बसणाऱ्यांना मी सांगतो, बाबांनो झोपा.

आता शीर्षकातली गोष्ट. बास्केट एका जागी नसते, हवेच्या खळबळीत हलते, शिवाय आपल्याच विमानाच्या नाकापुढे दाबली गेलेली हवा तिला शेवटच्या क्षणी बाजूला ढकलते. तिच्यावर नजर लावली की हात तिच्या प्रत्येक थरथरीमागे धावतो आणि झोके सुरू. म्हणून नजर टँकरच्या पंखावर, होज जिथून निघते त्या पॉडवर ठेवायची, कारण तो भाग स्थिर असतो, आणि बास्केट डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची.

सपाट मॉनिटरवर अजून एक अडचण आहे. दोन डोळ्यांनी मिळणारी खोली तिथे नसते, त्यामुळे अंतर कळतं ते आकारावरून, आणि आकार फसवतो. 100 मीटरवरून 90 वर आलात तर टँकर जेमतेम 11 टक्के मोठा दिसतो, 20 वरून 10 वर आलात तर थेट दुप्पट. तेच 10 मीटर! म्हणून लांब असताना काहीच होत नाहीये असं वाटतं आणि मग अचानक सगळं अंगावर येतं. (झूम एकच ठेवा, मधेच बदलला तर हा अंदाजही गेला.) शिवाय खऱ्या कॉकपिटमध्ये वेग बदलला की तो आधी पाठीला आणि कानातल्या तोलाच्या अवयवाला कळतो, खुर्चीत ते काहीच नाही. या एका बाबतीत सिम खऱ्यापेक्षा अवघड आहे असं माझं मत, अर्थात खऱ्या पायलटला जिवाची भीती असते आणि आपल्याला फक्त चहा सांडायची.

प्रोब लागला की काम संपलं असंही नाही. इंधन येतं तसं विमान जड होतं, उंची टिकवायला नाक थोडं वर धरावं लागतं, त्याने हवेचा विरोध वाढतो, म्हणजे पॉवर हळूहळू वाढवत राहायची, नाहीतर आपण आपोआप मागे सरकतो आणि होज सुटते. जड विमानांना तर कधी कधी पॉवर पुरतच नाही, मग टँकर आणि ते दोघं मिळून हळूहळू खाली उतरत उतरत इंधन भरतात, उताराने वेग टिकतो.

आणि टँकर सरळ रेषेत कायम जात नाही, ठरलेल्या पट्ट्यात फेऱ्या मारतो. वळताना तुम्ही बाहेरच्या बाजूच्या होजवर असाल तर तुमचं वर्तुळ त्याच्यापेक्षा मोठं, म्हणजे वेग जास्त लागणार, आतल्या बाजूला असाल तर कमी. नवीन माणसाने सिमच्या मिशन एडिटरमध्ये टँकरचा सरळ पट्टा शंभरेक किलोमीटरचा करून टाकावा आणि वळण नंतर कधीतरी बघावं.