अकोल्याच्या मे महिन्यात उणे ४० अंश

मे महिना, अकोल्यात पारा ४५ च्या वर, आणि गाडीला जोडून दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर इंजिनचं तापमान दिसतंय उणे ४०. अशा वेळी इंजिन खोलायची घाई करू नका. कुलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान मोजणाऱ्या सेन्सरची वायर तुटली किंवा कपलर (वायर सेन्सरला जोडणारा सॉकेट) निघाला, की हाच आकडा येतो. सोयाबीनच्या गंजीजवळ गाडी उभी राहिली असेल तर आधी उंदरांनी वायर कुरतडली का ते बघा.

हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. कुलंट तापेल तसा त्याचा विद्युतरोध घटतो. बऱ्याच गाड्यांत २० अंशांला तो साधारण अडीच हजार ओहम भरतो, ८० अंशांला तीनशेच्या आसपास. गाडीचा कॉम्प्युटर एका ठरावीक रोधातून त्याला ५ व्होल्ट पुरवतो आणि सेन्सरवर किती व्होल्ट पडतात ते पाहून तापमान ठरवतो. वायर तुटली की पूर्ण ५ व्होल्ट, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी कडाक्याची थंडी. स्कॅनरवर दोषाचा कोड येतो पी०११८. दोन वायरी एकमेकींना टेकल्या तर शून्य व्होल्ट, कोड पी०११७.

खरा त्रास देतो तो अर्धवट खोटं बोलणारा सेन्सर. इंजिन गार आहे असं तो सांगत राहतो, कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, काळा धूर येतो, प्लग काजळतात. मग प्लग बदला, इंजेक्टर साफ करा असा खर्च सुरू होतो, आणि दोष तिथे नसतोच.

तपासायची उत्तम वेळ पहाटेची. रात्रभर उभ्या गाडीची चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. स्कॅनरवर कुलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं हवं. डिसेंबरात १२ आणि १४ ठीक, १२ आणि ४० नाही. मग कपलर काढा: आकडा उणे ४० व्हायला हवा. कपलरच्या दोन पिना तारेने जोडा: तो १३०च्या आसपास किंवा वर जायला हवा. दोन्ही झालं तर वायरिंग आणि कॉम्प्युटर ठीक, सेन्सर गेला. गाडी चालवूनही आकडा ६०-६५ च्या वर सरकत नसेल, तर मात्र आधी थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कुलंट रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेवर, संशय घ्या.

आपल्याकडे सेन्सर बिघडायला आणखी एक कारण आहे. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात (जमिनीखालचं पाणी खारट असलेल्या भागात), अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या गावांत, कुलंट संपलं की बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये जातं. त्या पाण्यातल्या क्षारांचा थर सेन्सरच्या टोकावर बसतो, पितळ गंजतं, आणि सेन्सरला तापमान उशिरा कळतं. कुलंट नसेलच, तर निदान डिस्टिल्ड वॉटर घाला.

सेन्सर बदलताना इंजिन पूर्ण गार होऊ द्या. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर उडतं. नवा सेन्सर बसवल्यावर आतली हवा नीट काढा, कारण टोक हवेच्या फुग्यात राहिलं तर नवा सेन्सरही चुकीचंच तापमान दाखवतो.