नॅनोट्यूबची जाडी लेझरने कशी कळते: रामन इफेक्टपासून इथपर्यंतची गोष्ट

कार्बन नॅनोट्यूबवरचा, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांवरचा, कुठलाही पेपर उघडा, त्यात एक ग्राफ हमखास सापडतो. डावीकडे २०० च्या आसपास दोन-तीन बारीक टेकाडं, मग लांबच लांब सपाट, १३५० जवळ एक बुटकं टेकाड आणि १५९० ला एकदम सुळका. हा रामन स्पेक्ट्रम, आणि हे आकडे म्हणजे परत आलेल्या प्रकाशाचा रंग किती सरकला त्याचं माप (cm⁻¹ मध्ये). काजळीसारखी काळी पावडर चिमूटभर काचेच्या पट्टीवर घ्यायची, मायक्रोस्कोपमधून लेझरचा हिरवा ठिपका त्यावर टाकायचा, आणि थोड्याच वेळात स्क्रीनवर हा ग्राफ उमटतो. मला ह्या ग्राफचं फार अप्रूप वाटतं, कारण त्यामागच्या निम्म्याहून जास्त पायऱ्या ज्यांनी बांधल्या त्यांनी नॅनोट्यूब हा शब्दही ऐकला नव्हता.

सुरुवात अर्थात सी. व्ही. रामन यांच्यापासून. प्रकाश रेणूवर आदळला की जवळजवळ सगळा त्याच रंगाचा परत येतो, पण साधारण कोटीत एखादा फोटॉन रेणूला हलवून जातो, थोडी एनर्जी तिथेच सोडतो आणि त्याचा रंग किंचित लालकडे सरकतो. किती सरकला हे मोजलं की रेणू कसा थरथरतो ते कळतं. २८ फेब्रुवारी १९२८, कोलकात्याच्या बोबाजारमधली लॅब, साथीला के. एस. कृष्णन, आणि सामान काय तर ऊन, भिंगं, रंगीत फिल्टर आणि स्वतःचे डोळे. आपल्याकडे २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन झाला की दुसऱ्या दिवशी शाळेत विज्ञान दिन असतो तो ह्याच शोधाचा. आणि हेच रामन त्याआधी तबला-मृदंगाच्या नादावर काम करत होते, तबल्याच्या शाईमुळे त्याचे स्वर सुरेल कसे लागतात ह्यावर १९२० मध्ये त्यांनी लिहिलंय. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अडचण एकच होती, सिग्नल फारच दुबळा. पाऱ्याच्या दिव्यासमोर भरपूर सॅम्पल ठेवायचं आणि फोटोप्लेट तासन् तास उघडी ठेवून बसायचं. १९६० मध्ये लेझर आला, एका रंगाचा, एका ठिपक्यात गोळा होणारा प्रकाश, आणि दोनच वर्षांत बेल लॅबमध्ये सर्जिओ पोर्तो ह्या ब्राझिलियन माणसाने तो रामनच्या कामाला जुंपला.

मग १९७०. टुइन्स्ट्रा आणि केनिग यांनी ग्राफाइटवर लेझर मारला. चांगल्या अखंड क्रिस्टलमध्ये १५७५ ला एकच पीक (म्हणजे टेकाड), पण तुकडे बारीक असले की १३५५ ला दुसरं पीक यायचं, आणि तुकडे जितके बारीक तितकं ते मोठं. पुढे पहिल्याला जी बँड म्हणायला लागले, ग्राफाइटवरून, आणि दुसऱ्याला डी, म्हणजे डिसऑर्डर. नॅनोट्यूब म्हणजे ग्राफाइटचा एक पापुद्रा सुरळी केलेला, त्यामुळे वीस वर्षांनी ट्यूब हाती आल्या तेव्हा ही भाषा तयारच होती. आजही माल बरा आहे का हे बघायला पहिल्यांदा डी आणि जी ची उंचीच ताडून बघतात.

ट्यूबकडे जगाचं लक्ष गेलं १९९१ मध्ये, जपानमध्ये एनईसी कंपनीत सुमिओ इजिमा यांच्यामुळे. त्या एकात एक घातलेल्या अनेक थरांच्या होत्या. एकाच थराच्या १९९३ मध्ये आल्या, जाडी जेमतेम १ नॅनोमीटर, आपला केस त्याच्या पन्नास हजारपट तरी जाड. आणि खरी गोम इथे आहे, की पापुद्रा कुठल्या कोनात गुंडाळला त्यावर ट्यूब धातूसारखी वागणार की सेमीकंडक्टरसारखी हे ठरतं, १९९२ मध्येच हे गणिताने सांगून झालं होतं, पण भट्टीतून निघायची ती सगळी सरमिसळ, तिच्यात कुठल्या ट्यूब आहेत हे बघायचं कसं?

१९९६ मध्ये स्मॉली यांच्या राइस युनिव्हर्सिटीतल्या ग्रुपने एक-थरी ट्यूब भरपूर आणि बऱ्यापैकी सारख्या बनवल्या, आणि १९९७ च्या सुरुवातीला ए. एम. राव, पीटर एकलंड, मिल्ड्रेड ड्रेसेलहाउस वगैरेंचा पेपर आला. ह्या विषयातला माझ्या मते सगळ्यात सुंदर पेपर. सॅम्पल तेच ठेवून त्यांनी लेझरचे रंग बदलले आणि दर रंगाला डावीकडची टेकाडं बदलली! ती टेकाडं म्हणजे ट्यूबचा श्वास, सगळी ट्यूब एकदम फुगते आणि आकसते, सेकंदाला काही लाख कोटी वेळा. जाड ट्यूबचा श्वास संथ, बारीकचा जलद, तोंड लहान असलेला तबला वरच्या स्वरात बोलतो तसंच. आणि ट्यूबच्या इलेक्ट्रॉनना एखादा ठरावीक रंगच मानवतो, तो जुळला की सिग्नल हजारोपट वाढतो, म्हणून प्रत्येक लेझर आपापल्या जाडीच्या ट्यूब निवडून दाखवतो. हे रेझोनन्स नसतं तर एकट्या ट्यूबचा आवाज कधीच ऐकू आला नसता.

१९९९ मध्ये काताउरा यांनी कुठल्या जाडीच्या ट्यूबला कुठली एनर्जी जुळते ह्याचा ठिपक्यांचा नकाशा काढला. २००१ मध्ये अदो जोरिओ (हेही ब्राझीलचेच), साइतो, ड्रेसेलहाउस यांनी सिलिकॉनवर सुट्या सुट्या वाढवलेल्या ट्यूबपैकी एकेकीचा स्पेक्ट्रम घेतला. २४८ ला त्या श्वासाच्या टेकाडाच्या आकड्याने भागा, जाडी नॅनोमीटरमध्ये मिळते. २०० ला पीक असेल तर १.२४. तिसरीतल्या पोरालाही कॅल्क्युलेटरवर येईल असा हिशोब, आणि त्याला लेझरच्या एनर्जीची जोड दिली की गुंडाळीचा कोनसुद्धा काढता येतो.

फक्त तो २४८ सगळीकडे चालत नाही. ट्यूब जुडीत असेल, साबणाच्या पाण्यात असेल किंवा दुसऱ्या कशावर पडलेली असेल तर आकडा थोडा हलतो. लेझरची पॉवर जास्त ठेवली तर ट्यूब तापतात, पीक खाली सरकतं, आणि हवेत तर चक्क जळून जातात. आणि एकच लेझर वापरलात तर त्याला न जुळणाऱ्या ट्यूब सॅम्पलमध्ये असूनही ग्राफवर नसल्यासारख्याच, त्यामुळे ह्या कामाच्या लॅबमध्ये ५१४, ६३३, ७८५ नॅनोमीटर तरंगलांबीचे, म्हणजे वेगवेगळ्या रंगांचे, दोन-तीन लेझर तरी ठेवतात, आणि ग्राफखाली कुठल्या लेझरवर घेतलाय ते लिहिलं नसेल तर डावीकडच्या त्या टेकाडांवरून काहीच ठरवता येत नाही.