पार्श्वभूमी: पानांच्या अर्काची परीक्षा

पाने सावलीत वाळवायची, पूड मेथॅनॉलमध्ये भिजवायची, अर्क आटवून जिवाणू वाढवलेल्या आगर नावाच्या जेलीवर ठेवायचा आणि भोवतीचे, जिवाणू न वाढलेले मोकळे वर्तुळ किती मिलिमीटरचे झाले ते मोजायचे. औषधी वनस्पतींवरचे निम्मे शोधनिबंध जणू याच साच्यातून निघतात. पण पान औषधी आहे की नाही हे ठरवण्याचा खटाटोप याहून पुष्कळ जुना आहे, आणि तो सुरू झाला माणसांवर.

विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरच्या हाती अंगावरच्या सुजेवरचा एक घरगुती काढा लागला. त्यात वीसेक वनस्पती होत्या. गुण फॉक्सग्लोव्हचा, हे त्याने ओळखले आणि दहा वर्षे रुग्णांच्या नोंदी ठेवून 1785 साली त्या प्रसिद्ध केल्या. अडचण मात्र उरलीच: एका खेपेची पाने सौम्य, दुसरीची जहाल. ही पाने हृदयावर काम करतात, म्हणून पुढे बेडकाचे हृदय किती मात्रेला थांबते यावरून पानांचा जोर ठरवू लागले. वनस्पतीच्या अर्काची सजीवावर मोजणी होऊ लागली ती अशी, नवे औषध शोधण्यासाठी नव्हे, मात्रा सांभाळण्यासाठी.

सदाफुलीची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. 1952 मध्ये जमैकाहून तिची पाने कॅनडात संशोधक रॉबर्ट नोबल यांच्याकडे पोचली. जमैकात मधुमेहावर तिचा काढा घेत. उंदरांना अर्क पाजला, साखर जागची हलली नाही. टोचला, तर उंदीर जंतुसंसर्गाने मेले. एखाद्याने प्रयोग फसला म्हणून वही मिटली असती. नोबल यांनी रक्त तपासले: पांढऱ्या पेशी कोसळल्या होत्या. मग चार्ल्स बिअर यांच्यासोबत त्यांनी 1958 पर्यंत व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरचे औषध वेगळे काढले. विचारले साखरेबद्दल, उत्तर मिळाले कर्करोगावर.

चिनी संशोधक तू योयो यांच्या बाबतीत चाचणी बरोबर होती, अर्क चुकत होता. हिवतापावर चिंगहाओ वनस्पतीचे निकाल कधी चांगले, कधी वाईट येत. चौथ्या शतकातल्या गे हाँग या चिनी वैद्याच्या ग्रंथात ही वनस्पती उकळा असे म्हटलेलेच नाही. पाण्यात भिजवून पिळा, एवढेच आहे. उष्णतेने गुण जात असावा, हे त्यांनी ताडले. 1971 मध्ये कमी तापमानाला इथरमध्ये काढलेला अर्क उंदरांच्या हिवतापावर पूर्ण गुणकारी ठरला.

1960 पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने वनस्पतींचे अर्क हजारोंनी तपासले, तेव्हा आणखी एक खोच कळली. पानांतले टॅनिन हे तुरट द्रव्य दिसेल त्या प्रथिनाला चिकटते, त्यामुळे चाचणीत ‘गुणकारी’ दिसते. आजही ते आधी काढून न टाकता केलेल्या चाचण्या छापून येतात. जांभळा रंग पिवळा पडला की ‘अँटिऑक्सिडंट’ ठरवणारी डीपीपीएच (त्या जांभळ्या रसायनाचे नाव) चाचणी तर 1958 पासूनची. तिच्यात सजीव असे काही नसतेच, सगळा मामला परीक्षानळीतल्या रसायनांचा.