क्लचवरचा डावा पाय: एका सवयीची पार्श्वभूमी

गाडी शिकल्याची आठवण कुणालाही विचारा, ती बहुतेक वेळा डाव्या पायापासून सुरू होते. क्लच झटकन सुटला, गाडीनं दोन हिसके दिले आणि बंद पडली. मागून हॉर्न. पुन्हा किल्ली, पुन्हा पहिला गिअर, पुन्हा तेच. मला मामांनी शिकवलं. ते शेजारी बसून एवढंच म्हणायचे, "सोड, सोड, हळू सोड... हां, आता धर तिथंच." ते 'तिथंच' म्हणजे नेमकं कुठं, हे कळायला मला आठ दिवस लागले. इंजिनाचा आवाज किंचित खाली बसतो, बॉनेट जरासं उचलल्यासारखं वाटतं आणि तळपायाला बारीक थरथर लागते. तोच हाफ क्लच. एकदा पायाला सापडला की तो जन्मभर विसरत नाही.

आता क्लच नसलेल्या गाड्या वाढत चालल्या आहेत आणि विजेवरच्या बहुतेक गाड्यांत तर बदलायला गिअरच नसतात. त्यामुळे चार गाडीवाले एकत्र आले की वाद ठरलेला. एकाच्या मते गिअरची गाडी हाकतो तोच खरा ड्रायव्हर; दुसरा विचारतो, यंत्र करतंय ते काम पायानं कशाला करायचं? मला दोघांचंही म्हणणं पटतं. पण हा डावा पाय मुळात कामाला का लागला, हे समजून घेतल्याशिवाय वाद पुढे सरकत नाही.

कारण इंजिनाच्या स्वभावात आहे. वाफेचं इंजिन किंवा विजेची मोटर जागच्या जागी उभी असतानाही पूर्ण जोर लावू शकते. पेट्रोल-डिझेलच्या इंजिनाला ते जमत नाही. ते आधी फिरत असावं लागतं, एका ठरावीक वेगाखाली आलं की दम तोडतं, आणि त्याचा खरा जोर मधल्या एका पट्ट्यातच असतो. चाकं मात्र शून्यापासून सुरू होतात. फिरतं इंजिन आणि थांबलेलं चाक यांची गाठ घालून द्यायची, तीही झटका न बसू देता, हे काम कुणीतरी करायलाच हवं होतं. कित्येक दशकं ते बहुतेक सगळीकडे माणसाच्या पायानंच, क्लचचं पेडल दाबून-सोडून, केलं.

अगदी पहिल्या गाडीत मात्र हे काम हाताकडे होतं. कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या तीनचाकीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिच्यात चामड्याचा पट्टा होता. एक दांडा सरकवला की पट्टा मोकळ्या फिरणाऱ्या कप्पीवरून चाकांना जोडलेल्या कप्पीवर यायचा आणि गाडी हलायची. वेग ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास, गिअर एकच.

एक गिअर पुरत नाही हे सिद्ध केलं ते त्यांच्या पत्नी बर्था बेंझ यांनी. ऑगस्ट १८८८ मध्ये दोन मुलांना बरोबर घेऊन त्या मानहाइमहून फोर्झहाइमला, सुमारे शंभर किलोमीटर, गाडीनं गेल्या. रस्त्यात इंधनाची नळी चोंदली ती त्यांनी टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. आणि चढ आला की मुलांना खाली उतरून गाडी ढकलावी लागली. त्या परत आल्यावर चढासाठी आणखी एक गिअर बसवण्यात आला. लांब पल्ल्याच्या या पहिल्या प्रवासाची गोष्ट धाडस म्हणून सांगितली जाते, ते योग्यच आहे. पण माझ्या लेखी त्या गाडीच्या पहिल्या खऱ्या परीक्षकही होत्या. उणीव त्यांनी रस्त्यावर हेरली आणि ती दुरुस्तही करून घेतली.

आपण ज्याला गिअर टाकणं म्हणतो ते फ्रान्समधून आलं. १८९१ च्या सुमारास एमिल लेव्हासॉर यांनी पानार-लेव्हासॉर गाडीत इंजिन पुढे नेलं, मागे क्लच ठेवला आणि त्यामागे लहान-मोठी दातेरी चक्रं अशी लावली की दांडीनं ती सरकवून एकमेकांत अडकवता येतील. फिरती चक्रं फिरत्या चक्रांवर आदळायची, करकर आवाज व्हायचा. "रानटी आहे, पण चालतं," असं लेव्हासॉर म्हणाल्याचं सांगतात. चालत होतंच. साध्या गिअरपेटीचा पाया आजही तोच आहे. १८९८ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी लुई रेनो यांनी आपली छोटी गाडी पॅरिसमधल्या रू लेपिकच्या खड्या चढावर चढवून दाखवली, आणि तिथल्या तिथे त्यांना बारा गाड्यांची मागणी मिळाली. त्यांच्या गाडीत वरच्या गिअरला इंजिनाचा जोर मधल्या चक्रांत न अडकता सरळ मागे जायचा. मग १९०१ च्या मर्सिडीजमध्ये दांडी खाचांतून फिरू लागली आणि गिअर कुठे आहे हे हाताला न बघता कळू लागलं.

पायांची जागा मात्र अजून ठरली नव्हती. याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे फोर्डची मॉडेल टी. १९०८ ते १९२७ या काळात ती दीड कोटींहून जास्त बनली, म्हणजे एक अख्खी पिढी तिच्यावर गाडी शिकली. आजचा कितीही मुरलेला ड्रायव्हर तिच्यात बसवा, त्याला ती जागची हलवता येणार नाही. पायाखाली पेडल तीनच, पण त्यात एक्सलेटर नाही. तो स्टिअरिंगखालच्या उजव्या दांडीवर, हातानं ओढायचा. डावं पेडल पूर्ण दाबलं की हळू गिअर, अर्ध्यावर न्यूट्रल, म्हणजे कुठलाच गिअर नाही, सोडून दिलं की वेगाचा गिअर. मधलं पेडल रिव्हर्सचं. उजवं ब्रेकचं. आपला उजवा पाय सवयीनं रेस द्यायला जाईल आणि गाडी उभी राहील.

या गाडीला पेट्रोलचा पंप नव्हता, टाकीतून इंधन आपल्या वजनानं खाली उतरायचं. टाकीत थोडंच पेट्रोल असेल आणि चढ खडा असेल, तर इंजिन टाकीपेक्षा वर जायचं आणि पुरवठा तुटायचा. म्हणून लोक गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढायचे.

इतर गाड्यांतही एकमत नव्हतं. युरोपातल्या अनेक गाड्यांत एक्सलेटर मधे आणि ब्रेक उजवीकडे असे. एका गाडीवर तयार झालेला पाय दुसऱ्या गाडीत धोकादायक ठरायचा. डावीकडे क्लच, मधे ब्रेक, उजवीकडे एक्सलेटर आणि जवळच गिअरची दांडी, ही मांडणी १९१६ च्या कॅडिलॅक टाइप ५३ मध्ये स्पष्ट दिसते. १९२२ मध्ये आलेल्या ऑस्टिन सेव्हन या छोट्या, परवडणाऱ्या गाडीनं ती सामान्य घरांपर्यंत नेली. त्याआधी १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर कॅडिलॅकमध्ये आला होता. इंजिन सुरू करायला हँडल मारताना उलटा फटका बसून मनगट मोडायची भीती त्यानं संपवली, आणि बंद पडलेली गाडी बसल्या जागी पुन्हा सुरू करता येऊ लागली. शिकाऊ माणसाला हे किती मोठं वरदान होतं, हे चढावर तीनदा गाडी बंद पाडलेला कुणीही सांगेल.

तरीही गिअर करकरतच होते. जुन्या ट्रकवर हात बसलेल्या माणसांच्या तोंडी 'डबल क्लच' हा शब्द अजून ऐकू येतो, त्याचं मूळ इथं आहे. खालचा गिअर टाकायचा तर आधी क्लच दाबून दांडी न्यूट्रलला आणायची, क्लच सोडायचा, न्यूट्रलमध्येच थोडी रेस द्यायची, म्हणजे आतली चक्रं हव्या त्या वेगाला येतात. मग पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. रेस कमी पडली तर करकर, जास्त झाली तरीही करकर. हे सगळं एका सेकंदाच्या आसपास, उतारावर, भरलेली गाडी रेटत असताना. मामांच्या हाताखालचा जुना ट्रक मी एकदा शेजारी बसून पाहिला आहे. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना दांडी लोण्यात सुरी जावी तशी गेली, आवाज नाही की धक्का नाही. त्यांची नजर एकदाही खाली गेली नाही. 'खरा ड्रायव्हर' म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असंच काहीतरी असतं, आणि तो आदर खोटा नाही.

ही करकर थांबवणाऱ्या माणसाचं नाव अर्ल थॉम्पसन. त्यांची सिंक्रोमेश पद्धत १९२८ मध्ये कॅडिलॅकमध्ये आली. गिअर अडकण्याआधी दोन निमुळते भाग एकमेकांवर घासून दोन्हींचा वेग सारखा करतात आणि मगच दात बसतात, म्हणजे डबल क्लचचं काम पेटीच करते. सुरुवातीला हे वरच्या गिअरांपुरतंच होतं. कित्येक गाड्यांत पहिला गिअर पुढे अनेक वर्षं तसाच राहिला. 'पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू नकोस' ही जुन्या माणसांची शिकवण त्यामुळेच पक्की झाली.

मला यातली सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट अशी की क्लचचं पेडलच काढून टाकणाऱ्या चमूचं नेतृत्वही याच थॉम्पसन यांनी केलं. १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत हायड्रामॅटिक नावाची पेटी मिळू लागली. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल होतं. एका बाजूचं पातं तेल ढकलतं, त्या तेलानं समोरचं पातं फिरतं. गाडी उभी असेल तर तेल नुसतं घुसळलं जातं आणि इंजिन बंद पडत नाही. ही कल्पना जर्मनीच्या हर्मान फ्योटिंगर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांसाठी मांडली होती. मामा पायानं जे 'तिथंच धर' शिकवत होते, ते काम आता तेल करू लागलं. दुसऱ्या महायुद्धात हीच पेटी अमेरिकी रणगाड्यांत बसली.

पण नव्या सोयीबरोबर नवी चूकही आली. त्या सुरुवातीच्या पेट्यांत दांडीवर रिव्हर्सची जागा पुढे नेणाऱ्या हळू गिअरच्या अगदी पलीकडे होती, आणि पार्कची, म्हणजे उभी गाडी जखडून ठेवायची, वेगळी खूणच नव्हती. वेगवेगळ्या कंपन्यांचा क्रमही वेगळा असे. दांडी एक खाच जास्त सरकली की गाडी भलत्याच दिशेला. अमेरिकेत १९६८ पासून पुढे जाणं आणि मागे जाणं यांच्यामध्ये न्यूट्रल असलंच पाहिजे असा नियम झाला. आज जगभर दिसणारा पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह हा क्रम त्यात बसतो.

विजेच्या गाडीला यातलं काहीच लागलं नसतं. २९ एप्रिल १८९९ रोजी कामिय जेनात्सी यांनी पॅरिसजवळ ताशी शंभर किलोमीटरचा टप्पा जगात पहिल्यांदा ओलांडला, तो विजेच्या गाडीनं, गिअर न बदलता. बॅटरीनं तेव्हा साथ दिली असती, तर हाफ क्लच हा शब्द बहुधा जन्मालाच आला नसता. आज विजेच्या गाडीत एक्सलेटरवरून पाय काढला की मोटरच गाडीचा वेग ओढून धरते, आणि गर्दीत उजवा पायही ब्रेककडे कमीच जातो.

अनेक देशांत ऑटोमॅटिकवर, म्हणजे क्लचचं पेडल नसलेल्या गाडीवर, परीक्षा दिली तर परवानाही तेवढ्यापुरताच मिळतो. म्हणजे डाव्या पायाच्या कौशल्याला कायद्यात अजून वेगळी जागा आहे. उलट दिशेनं जाणाऱ्याला परवान्याची अडचण नसते, सवयीची असते. वर्षानुवर्षं गिअरची गाडी चालवलेला माणूस ऑटोमॅटिकमध्ये बसतो, सिग्नल लाल होतो, डावा पाय आपसूक क्लच शोधायला जातो आणि त्या रुंद ब्रेकवर पूर्ण ताकदीनं पडतो. क्लच दाबायची सवय असलेल्या पायाला हलकं दाबणं ठाऊकच नसतं. गाडी जागच्या जागी गचकन थांबते, मागचा माणूस कसाबसा सावरतो. माझ्या बाबतीत पहिल्याच आठवड्यात हे दोनदा झालं. मामांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "महिनाभर डावा पाय सीटखाली मागे ओढून बस. त्याला कळेल."