लॉक फाइल गिटमध्ये टाकायचीच असते

जळगाव-धुळ्याकडच्या प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांकडून मी वर्षानुवर्षं एकच ऐकतोय: ‘पॅकेज डॉट जेसनमध्ये आकडा लिहिला की व्हर्जन पक्कं. लॉक फाइल मशीन बनवतं, ती गिटमध्ये टाकू नये.’ दोन्ही चूक. पॅकेज डॉट जेसन म्हणजे जावास्क्रिप्टच्या प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजेसची, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडची यादी. लॉक फाइल त्यावरून आपोआप बनते, आणि गिट म्हणजे कोडमधले बदल जपून ठेवणारं साधन.

‘एनपीएम इन्स्टॉल’ म्हणून पॅकेज घेतलं, की एनपीएम, म्हणजे पॅकेजेस आणून बसवणारं साधन, यादीतल्या आकड्याआधी आपणहून ^ लावतं. ^१.४.० म्हणजे ‘१.४.० च’ नव्हे, १.४.० पासून २.०.० च्या आतलं काहीही चालेल, असा त्याचा अर्थ. जानेवारी २०२२ मध्ये ‘कलर्स’ या पॅकेजच्या कर्त्यानेच त्यात न संपणारा लूप घालून नवं व्हर्जन सोडलं. ज्यांच्याकडे ^१.४.० होतं आणि लॉक नव्हतं, त्यांच्या प्रोजेक्टमध्ये ते न विचारता शिरलं.

बरं, ^ काढलं तरी काम अर्धंच होतं. तुमच्या पॅकेजला लागणारी पॅकेजेस, त्यांनाही लागणारी आणखी पॅकेजेस, यांचे आकडे तुम्ही कुठेच लिहिलेले नसतात. रावेरचा बागायतदार नुसती ‘केळीची रोपं’ मागत नाही, ग्रँड नैन मागतो, तीही टिश्यूकल्चरची. लॉक फाइल तितकीच काटेकोर असते: झाडून सगळ्यांचं नेमकं व्हर्जन आणि हॅश, म्हणजे त्या कोडचा जणू बोटाचा ठसा, ती नोंदवते. म्हणून ती कमिट करा, म्हणजे गिटमध्ये नोंदवा. सर्व्हरवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ चालवा. पॅकेज डॉट जेसन आणि लॉक फाइल जुळल्या नाहीत तर ते तिथेच थांबतं.

आणि व्हर्जन असं पक्कं करणं, म्हणजे पिन करणं, म्हणजे काही कायमचं गोठवणंही नव्हे. सुरक्षेच्या दुरुस्त्या घ्यायच्याच, पण आपण ठरवू तेव्हा, टेस्ट चालवून, वेगळ्या कमिटमध्ये.