दोन पाळ्यांमधले तास: कायद्याने काम मोजले, झोप कधी मोजली?

दुसरी पाळी रात्री ११ ला सुटते. पुढच्या पाळीत त्याची जागा घेणारा रिलिव्हर आला नाही, म्हणून कामगाराला चार तास थांबवले जाते. पहाटे ३ ला तो मोकळा होतो आणि त्याच दिवशी सकाळी ७ ला त्याची पहिली पाळी लागलेली असते. मध्ये उरले चार तास. त्यातून येण्याजाण्याचा वेळ, आंघोळ आणि जेवण वजा केले, तर झोपेला किती उरते हे सांगायला नको. कारखाने अधिनियम, १९४८ हातात घेऊन यात नेमके कोणते कलम मोडले ते शोधू लागलो, तर उत्तर सहज सापडत नाही. या कायद्याने दिवसाचे तास, आठवड्याचे तास, मधली सुट्टी आणि साप्ताहिक सुट्टी हे सगळे मोजले. एक पाळी सुटल्यापासून दुसरी लागेपर्यंतचा वेळ मात्र थेट आकडा देऊन बांधला नाही. हे असे का झाले, हे कळायला गिरणगावापासून सुरुवात करावी लागते.

मुंबईत कावसजी दावर यांची पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये उभी राहू लागली आणि १८५६ मध्ये चालू झाली. त्या काळी काम सूर्यावर चाले, उजाडले की सुरू आणि मावळले की बंद. म्हणून उन्हाळ्यात दिवस लांब आणि हिवाळ्यात आखूड असायचा. रात्र मात्र कामगाराची होती. ती त्याला कायद्याने मिळाली नव्हती, अंधाराने दिली होती. त्यामुळे सुरुवातीच्या मागण्यांत रात्रीच्या विश्रांतीचा वेगळा उल्लेख नाही. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन दिले. त्यात रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार या मागण्या होत्या. ‘सूर्यास्त’ हा शब्द या निवेदनात कळीचा आहे, कारण दिवसाच्या कामाला तोच बांध घालत होता. रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली.

मग गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि तो बांध फुटला. दिवस तेरा-चौदा तासांवर गेला. त्याआधीच्या १८८१ च्या कायद्याने फक्त मुलांचे तास ९ वर आणले होते. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांना ११ तासांची मर्यादा घातली आणि त्यांच्या रात्रीच्या कामावर बंधन आणले. प्रौढ पुरुषाच्या तासांना पहिला लगाम बसला तो १९११ मध्ये, तोही कापड गिरण्यांपुरता आणि १२ तासांचा. १९२२ मध्ये दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तास झाले. १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी १० आणि ५४, तर १९४६ मध्ये ९ आणि ४८. प्रत्येक पायरीवर लढाई कामाचे तास कमी करण्याची होती, आणि ते योग्यच होते. तास कमी झाले की विश्रांती आपोआप वाढेल असे सगळ्यांनी धरले होते. एकच पाळी असते तोवर हे गणित बरोबर येते. दोन आणि तीन पाळ्या सुरू झाल्या की ते बिघडते. गिरणगावात एकाच खोलीत वेगवेगळ्या पाळ्यांची माणसे आळीपाळीने अंथरुणाला पाठ टेकत. त्यामुळे पाळी बदलली की झोपेची जागासुद्धा बदलत असे.

सलग विश्रांतीचा आकडा कायद्यात आला तो दुसऱ्या वाटेने. १९०६ मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात औद्योगिक कामातील स्त्रियांच्या रात्रपाळीवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात रात्रीची विश्रांती किमान ११ सलग तासांची असावी आणि त्यात रात्री १० ते पहाटे ५ हा काळ यावा, असे ठरले. १९१९ च्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या चौथ्या कराराने हाच आकडा घेतला आणि भारताने तो १९२१ मध्ये मान्य केला. ‘इतके तास सलग मोकळे हवेत’ हा विचार असा स्त्रियांच्या संरक्षणातून पुढे आला. पुरुषाला झोप लागते हे कायद्याने मान्य करायला आणखी कित्येक दशके गेली. १९९३ च्या युरोपीय निर्देशाने प्रत्येक कामगाराला, स्त्री असो वा पुरुष, दर चोवीस तासांत किमान ११ सलग तासांची विश्रांती दिली. तोच निर्देश पुढे २००३ मध्ये नव्या रूपात आला.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कायद्याकडे. यातल्या स्प्रेडओव्हरकडे, म्हणजे दिवसाचे काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंतच्या एकूण पसाऱ्याकडे, बारकाईने पाहायला हवे, कारण आपल्याकडचे बहुतेक गैरसमज तिथेच आहेत. कलम ५४ प्रमाणे दिवसाला ९ तास. कलम ५६ प्रमाणे मधल्या सुट्ट्या धरून कामाचा पसारा साडेदहा तासांपलीकडे जाता कामा नये, आणि मुख्य निरीक्षक कारणे नोंदवून तो १२ तासांपर्यंत वाढवू शकतो. यावरून अनेक जण सांगतात, साडेदहा तास पसारा म्हणजे साडेतेरा तास विश्रांती आलीच. ती येते, पण पाळी रोज त्याच वेळी लागत असेल तरच. पुढची पाळी जितके तास आधी सरकते, तितके तास या विश्रांतीतून कापले जातात. पाळ्या ७ ते ३, ३ ते ११ आणि ११ ते ७ अशा धरा. दुसऱ्या पाळीतून पहिल्या पाळीत आलेल्या माणसाला, मध्ये सुट्टी नसेल तर, ओव्हरटाइम न करताही फक्त ८ तास मिळतात. रातपाळीतून दुसऱ्या पाळीत आला तरी ८ च. उलट पहिलीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत असे पुढे सरकवले, तर सुट्टी नसतानाही मध्ये २४ तास येतात. पाळ्या नेहमी पुढे फिरवाव्यात आणि बदल साप्ताहिक सुट्टीला जोडूनच करावा, हा रोस्टर लावणाऱ्यांचा जुना नियम यातूनच आला. तो पाळायला एक पैसाही लागत नाही.

आता कलम ५७. मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीतल्या कामगाराचा ‘पुढचा दिवस’ पाळी संपल्या क्षणी सुरू होतो, आणि मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात मोजले जातात. रातपाळीवाल्याचे तास दोन तारखांत विभागून त्याचा ओव्हरटाइम बुडू नये, म्हणून ही तरतूद आहे आणि त्या हेतूने ती चांगलीच आहे. पण वरच्या उदाहरणात तिचा परिणाम उलटा होतो. पहाटे ३ ला काम संपले, ३ ला नवा ‘दिवस’ सुरू झाला, आणि ७ ची पाळी त्या नव्या दिवसातली पहिली ठरली. कलम ६४ खाली तासांच्या मर्यादेतून सूट असेल, तर त्याच कलमाची दिवसाला १० तासांची मर्यादा इथे आड येऊ शकते. कलम ६५ खाली सूट असेल तर दिवसाला १२ तास आणि १३ तासांचा पसारा चालतो, मग तीही अडचण उरत नाही. कागदावर सगळे नीट दिसते आणि माणूस मात्र चार तासांत परत मशीनसमोर उभा राहतो. दुप्पट वेतन देणारे कलम ५९ त्याला पैसे देते. गेलेले तास ते परत देत नाही.

सलग दोन पाळ्या, म्हणजे ज्याला कारखान्यात ‘डबल’ म्हणतात, त्या १६ तासांना मात्र यातल्या कोणत्याच मर्यादेत जागा नाही. म्हणून डबलची नोंद बदली सुट्टीच्या रूपात किंवा दुसऱ्या तारखेला दाखवण्याची सवय लागते. मग मस्टरवरून विश्रांती काढायला गेलो तर आकडा खोटा येतो. गेटवरच्या पंचिंगची बाहेर जाण्याची आणि पुढची आत येण्याची वेळ शेजारी ठेवली तरच तो खरा येतो. आणखी एक गोष्ट सुटून जाते. पाळीनंतर थांबवणे सगळ्यांना दिसते, पण पाळीआधी दोन तास लवकर बोलावले तरीही ते तास मधल्या विश्रांतीतूनच जातात. प्रशिक्षण, माल मोजणी आणि पाळी देताघेतानाची पंधरा-वीस मिनिटे यांचेही तसेच.

कारखान्यांत जे झाले नाही, ते रस्त्यावर १९६१ मध्येच झाले होते. मोटार परिवहन कामगार अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे एका दिवसाची ड्युटी संपल्यापासून दुसऱ्या दिवसाची सुरू होईपर्यंत किमान ९ सलग तास विश्रांती द्यायची. थेट, मोजता येणारा आकडा. मुक्कामी गाडी रात्री साडेनऊला गावात पोहोचून पहाटे साडेपाचला निघाली, तर ८ च तास होतात. वेळापत्रक लिहितानाच हे दिसते, त्यासाठी कुणाचा जबाब घ्यावा लागत नाही.

रेल्वेत हा प्रश्न सर्वात जास्त घासला गेला. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या १९४७ च्या निवाड्याने कर्मचाऱ्यांचे कामाच्या ताणानुसार वर्ग पाडले, आणि कामाचे व विश्रांतीचे तास त्या वर्गांना जोडले. गाडी चालवणाऱ्यांसाठी नियम पुढे असा झाला: मुख्यालयी, म्हणजे आपल्या मूळ स्थानकावर, परतल्यावर, ड्युटी ८ तासांपेक्षा कमी झाली असेल तर १२ तास, आणि ८ किंवा अधिक झाली असेल तर १६ तास विश्रांती. शिवाय महिन्याला ३० तासांच्या चार किंवा २२ तासांच्या पाच नियतकालिक विश्रांती, प्रत्येकीत एक पूर्ण रात्र अंथरुणात. ‘रात्र अंथरुणात’ हे शब्द मुद्दाम आहेत, कारण नुसत्या बावीस किंवा तीस तासांत पूर्ण रात्र येईलच असे नाही. १६ तासांतही शेवटचे दोन तास ड्युटीचा कॉल मिळणे, उठणे आणि तयारी यात जातात. ऑगस्ट १९७३ मध्ये इंजिन चालकांनी काम बंद करून दहा तासांच्या ड्युटीचे आश्वासन मिळवले. पुढच्या मे महिन्यातल्या देशव्यापी संपातही कामाचे तास ही मोठी मागणी होती.

इंजिन चालकांचा आजचा वाद बेरजेचा आहे. मुख्यालयाचे १६ तास ३० तासांच्या साप्ताहिक विश्रांतीतच धरायचे, की दोन्ही मिळून ४६ द्यायचे? चालक ४६ मागतात. जवळजवळ हाच प्रश्न हंगेरीच्या रेल्वेतील एका चालकाने युरोपीय न्यायालयापर्यंत नेला. कंपनीचे म्हणणे होते, आम्ही आठवड्याला ४२ तास देतो, मग दैनिक विश्रांती वेगळी कशाला? मार्च २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितले की दैनिक आणि साप्ताहिक विश्रांती हे दोन वेगळे हक्क आहेत. साप्ताहिक विश्रांती कितीही उदार असली, तरी तिच्याआधी दैनिक विश्रांती स्वतंत्रपणे द्यावीच लागते. आमच्या मते हाच अर्थ बरोबर आहे, कारण पहिली झोप ड्युटीचा शीण काढण्यात जाते आणि घरासाठीचा वेळ त्यानंतर सुरू होतो.

विमान वाहतुकीत नियम अपघातानंतर घट्ट झाले. २२ मे २०१० रोजी मंगळूरला १५८ जण मरण पावले. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या चौकशीत वैमानिक उड्डाणातला बराच काळ झोपलेला असल्याचे आणि झोपेतून उठल्यावरच्या गुंगीचे कारण पुढे आले. ऑगस्ट २०११ च्या नियमांत एक नेटके तत्त्व आहे: पुढच्या उड्डाणाआधीची विश्रांती आधीच्या ड्युटीइतकी किंवा १२ तास, जे अधिक असेल ते. ड्युटी लांबली की विश्रांतीही लांबते. ओव्हरटाइमला विश्रांती कशी बांधावी, याचा आपल्याकडचा हा सर्वात स्पष्ट नमुना आहे. २०२४ च्या सुधारणेने साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली.

कारखान्यांत सलग विश्रांतीचा आकडा परत आला तो पुन्हा स्त्रियांच्याच निमित्ताने. डिसेंबर २००० मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने स्त्रियांवरची रात्रपाळीची बंदी रद्द केली. तेव्हा घातलेल्या अटींत, दिवसपाळीतून रातपाळीत किंवा उलट बदल करताना मध्ये किमान १२ सलग तास हवेत, अशी अट होती. त्याच खात्यात, त्याच मशीनवर काम करणाऱ्या पुरुषाला मात्र ही अट लागू नव्हती.

अकरा तास द्यायचे ठरवले, तर पहाटे ३ ला सुटलेला माणूस दुपारी २ ला येईल. मग सकाळी ७ ते २ चे सात तास कुणाच्या खात्यात? जपानने २०१९ पासून मालकांवर पाळ्यांमध्ये अंतर ठेवण्याचा प्रयत्न करण्याची जबाबदारी टाकली आहे. तिथल्या सरकारी नमुना नियमांत दोन पर्याय आहेत: ते तास काम केल्याप्रमाणे धरायचे, किंवा त्या दिवसाची सुरुवातच पुढे ढकलायची. पहिला पर्याय नसेल तर कामगार स्वतःच सातला येतो, कारण विश्रांती घेतली तर त्या तासांची मजुरी बुडते. डॉक्टरांच्या बाबतीत युरोपीय न्यायालयाने २००३ मध्ये आणखी एक गोष्ट पक्की केली. कमी पडलेल्या विश्रांतीची भरपाई त्या ड्युटीला लागूनच हवी, पुढच्या महिन्यातल्या सुट्टीने ती होत नाही. आपल्याकडच्या ‘बदली सुट्टी’ला हा निकष लावून पाहावा.

महाराष्ट्रात तिमाही ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर आणि दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्याला सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली. कारखाने अधिनियम आणि मोटार परिवहन कामगार अधिनियम हे दोन्ही तिच्यात विलीन झाले. दिवसाचे ८ तास संहितेत लिहिले आहेत, पण मधली सुट्टी आणि स्प्रेडओव्हर किती हे सरकारी अधिसूचनेवर सोडले आहे. त्यामुळे १९६१ चे ते ९ सलग तास आणि कारखान्यातल्या कामगाराचे अजून न लिहिलेले तास, दोन्हींची जागा आता नियमांतच आहे. राज्याचे नियम हातात आले की त्यात ‘सलग’ हा शब्द आणि त्याच्यापुढचा आकडा आधी शोधावा.